सेप्राफिल्म: आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात ठेवायचा पडदा, आणि तो कुठे ठेवू नये

एकदा उघडलेले पोट दुसऱ्यांदा उघडताना सर्जनचा हात आपोआप हळू होतो. जुन्या व्रणाच्या बरोबर खाली आतड्याचे एखादे वेटोळे पोटाच्या भिंतीला आतून चिकटून बसलेले असू शकते. त्वचा, चरबी, स्नायूंवरचे पांढरे आवरण असे एकेक थर कापत सुरी शेवटच्या थराशी पोचली, की पुढे मोकळी पोकळी आहे की आतड्याची भिंत आहे, हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. अशा वेळी मी जुन्या व्रणाच्या टोकाच्याही थोडे वर, पूर्वी न कापलेल्या जागेतून आत शिरते आणि तिथून खाली येत कात्रीच्या टोकाने एकेक वेटोळे सुटे करत जाते. ज्या कामासाठी पोट उघडले ते काम अर्ध्या तासाचे असले, तरी त्याच्यापर्यंत पोचायलाच कधीकधी दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांत आतड्याला चुकून भोक पडण्याची भीती सतत मानेवर बसलेली असते.

शस्त्रक्रियेनंतर पोटात तयार होणाऱ्या या बंधांना वैद्यकीय भाषेत अ‍ॅडहेशन म्हणतात. रुग्णाचे नातेवाईक 'आतडी चिकटली' एवढेच म्हणतात, आणि ते शब्द अगदी नेमके आहेत. हे चिकटणे कमी व्हावे म्हणून पोट बंद करण्यापूर्वी आत ठेवायच्या पडद्यांपैकी सेप्राफिल्म हा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला पडदा आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचे आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारी जनरल सर्जन आहे आणि कोणत्याही उत्पादक कंपनीशी माझा आर्थिक संबंध नाही. हा पडदा चांगला की वाईट, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझ्या मते तो पोटात नेमका कुठे ठेवला, यावरच त्याचे चांगले-वाईट ठरते.

सेप्राफिल्म सोडियम हायलुरोनेट आणि कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज या दोन पदार्थांपासून बनवतात. पहिला पदार्थ आपल्या सांध्यांतल्या वंगणात आणि डोळ्यांत निसर्गतःच असतो. दुसरा वनस्पतींच्या सेल्युलोजपासून तयार होतो आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांपासून आइस्क्रीमपर्यंत अनेक वस्तूंमध्ये दाटपणासाठी वापरला जातो. अमेरिकेतल्या जेन्झाइम कंपनीने हा पडदा बाजारात आणला, तिथल्या एफडीएने १९९६ साली त्याला मान्यता दिली, पुढे जेन्झाइम सनोफीकडे गेली आणि २०२० साली हे उत्पादन बॅक्स्टरने घेतले. एक पडदा साधारण १३ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब असतो. पोटात ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत तो ओलावा शोषून जेलसारखा होतो, सुमारे ७ दिवस जागेवर राहतो आणि २८ दिवसांच्या आत शरीराबाहेर टाकला जातो. तो काढण्यासाठी पुन्हा काहीच करावे लागत नाही.

हे ७ दिवस कशासाठी, ते समजले की या पडद्याचा सगळा हिशेब समजतो. पोटाच्या पोकळीला आणि आतड्यांना बाहेरून पेरिटोनियम नावाचे गुळगुळीत, ओलसर अस्तर असते. शस्त्रक्रियेत हे अस्तर कुठे खरवडले जाते, कुठे कोरडे पडते, कुठे टाक्याने आवळले जाते. त्या जागी काही तासांतच फायब्रिन साठते, म्हणजे रक्त गोठताना जो चिकट धागा तयार होतो तोच. दोन खरवडलेले पृष्ठभाग समोरासमोर आले तर हे फायब्रिन दोघांना तात्पुरते चिकटवते. अस्तराच्या पेशींमध्ये हे धागे विरघळवण्याची स्वतःची यंत्रणा असते, आणि ती नीट चालली तर काही दिवसांत सगळे सुटून मोकळे होते. मात्र जिथे मार जास्त बसला आहे, रक्तपुरवठा तुटला आहे किंवा जंतुसंसर्ग आहे, तिथे ही यंत्रणा मंदावते, फायब्रिन तसेच राहते, त्यात व्रणाचे धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी शिरतात, कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन तयार होते आणि तात्पुरत्या चिकटण्याचा कायमचा बंध होतो. अस्तराची एक गोष्ट मात्र त्वचेपेक्षा वेगळी आहे. त्वचेची जखम कडांकडून आत भरत येते, म्हणून मोठी जखम जास्त दिवस घेते. पेरिटोनियमवर नव्या पेशी संपूर्ण पृष्ठभागावर एकाच वेळी बसतात, त्यामुळे जखम लहान असो वा मोठी, साधारण ५ ते ८ दिवसांत नवे अस्तर तयार होते. तेवढे दिवस दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर ठेवले तर पुढे चिकटण्याचे कारणच उरत नाही. पडद्याचे आयुष्य या मुदतीशी जुळवलेले आहे, आणि मला हा विचार फार सुंदर वाटतो.

चिकटण्याचा त्रास किती मोठा आहे, हे स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासाने दाखवले. १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांच्या नोंदी पुढची १० वर्षे पाहिल्या गेल्या आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. त्यांपैकी ३४.६ टक्के रुग्ण चिकटण्याशी थेट किंवा कदाचित संबंध असलेल्या कारणांसाठी, सरासरी २.१ वेळा, पुन्हा रुग्णालयात दाखल झाले होते. 'कदाचित' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण चिकटण्याशी थेट जोडता आलेल्या भरत्या एकूण पुनर्भरत्यांच्या ५.७ टक्के होत्या. तरीही पोट फुगून, उलट्या होत, गॅस आणि शौच दोन्ही बंद होऊन आलेल्या आणि नाकातून नळी घालून पडून असलेल्या रुग्णाकडे ज्याने पाहिले आहे, त्याला ५.७ हा आकडा लहान वाटणार नाही.

सेप्राफिल्मच्या बाजूचा पहिला भक्कम पुरावा १९९६ सालचा आहे, आणि त्याची रचना मला आजही शिकवण्यासारखी वाटते. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या दाहाचा आजार) किंवा फॅमिलिअल पॉलिपोसिस (मोठ्या आतड्यात असंख्य गाठी होणारा आनुवंशिक आजार) असलेल्या रुग्णांचे मोठे आतडे काढून, लहान आतड्याची पिशवी करून ती गुदद्वाराशी जोडायची आणि जोडाला विश्रांती मिळावी म्हणून पोटावर तात्पुरता स्टोमा, म्हणजे मळ बाहेर जाण्यासाठी आतड्याचे पोटाच्या भिंतीवर काढलेले तोंड, ठेवायचा, अशी ही शस्त्रक्रिया असते. स्टोमा बंद करायला रुग्णाला ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा थिएटरमध्ये यावेच लागते, म्हणजे पोटात पुन्हा पाहण्याची संधी कोणावर जास्तीचा भार न टाकता मिळते. पहिल्या वेळी निम्म्या रुग्णांच्या मधल्या व्रणाखाली पडदा ठेवला होता आणि निम्म्यांच्या नाही, आणि दुसऱ्या वेळी दुर्बिणीतून तपासणी झाली. पडदा ठेवलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांच्या व्रणाखाली एकही बंध नव्हता. न ठेवलेल्यांत असे रुग्ण फक्त ६ टक्के होते. दाट, चिवट बंध एका गटात १५ टक्के तर दुसऱ्या गटात ५८ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात इतका स्पष्ट फरक क्वचितच पाहायला मिळतो.

इथपर्यंतच वाचले तर वाटेल की हा पडदा पोटात सगळीकडे पसरावा, आणि विशेषतः जिथे आतडे कापून जोडले आहे तिथे तर नक्कीच गुंडाळावा. काही वर्षे अनेकांना तसे वाटलेही. चूक नेमकी इथे होते, कारण जोडाचे भरून येणे हे अस्तराच्या भरून येण्यासारखे नसते.

आतड्याच्या दोन टोकांचा नवा जोड पहिल्या दिवशी केवळ टाक्यांच्या किंवा स्टेपलरच्या पिनांच्या जोरावर उभा असतो. टाका खऱ्या अर्थाने धरतो तो आतड्याच्या भिंतीतल्या सबम्युकोसा या थराला, आणि हे विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८७ सालीच दाखवून दिले होते. पुढच्या तीन-चार दिवसांत कडांजवळचे जुने कोलॅजन शरीर स्वतःच विरघळवते आणि नवे अजून पुरेसे तयार झालेले नसते, म्हणून रुग्ण वरून बरा दिसत असतानाच जोड सर्वांत कमकुवत असतो. जोड गळणे हे बहुधा पहिल्या आठवड्याच्या मध्यापासून पुढच्या काही दिवसांत लक्षात येते, ते यामुळेच. या नाजूक दिवसांत टाक्यांच्या रेषेवर बाहेरून जमलेले फायब्रिन आणि तिथे येऊन चिकटलेला ओमेंटम, म्हणजे जठरापासून खाली लोंबणारी चरबीची झालर, किंवा शेजारचे आतड्याचे वेटोळे, हे त्या जोडाचे बाहेरचे लिंपण असते. ज्यांनी जोड गळल्याच्या संशयाने पोट पुन्हा उघडले आहे, त्यांनी हे जवळून पाहिलेले असेल: टाक्यांच्या रेषेत एका ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र आहे, आणि ओमेंटमचा पिवळा पदर त्यावर असा घट्ट बसला आहे की आतला मळ पोटभर पसरलाच नाही. ब्रिटिश सर्जन रदरफोर्ड मॉरिसन यांनी ओमेंटमला पोटातला पोलीस म्हटले होते ते याच गुणामुळे. जे चिकटणे व्रणाखाली वैरी असते, तेच जोडावर रुग्णाचा जीव वाचवते.

आता या जोडाभोवती न चिकटणारा पडदा गुंडाळला तर काय होईल, याचे उत्तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मिळाले. तीत पोटाची शस्त्रक्रिया झालेले १,७९१ रुग्ण होते. एकूण रुग्णांमध्ये पोटात पू साठणे किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाणे यांचे प्रमाण पडद्यामुळे वाढले नाही, आणि ही मोठी दिलाशाची गोष्ट होती. परंतु ज्या रुग्णांमध्ये पडदा ताज्या जोडाभोवती गुंडाळला गेला होता, त्यांच्यात जोड गळणे आणि त्यातून होणारे उपद्रव, म्हणजे भगेंद्रासारखी वाट तयार होणे, पोटभर संसर्ग पसरणे, पू साठणे, हे अधिक आढळले. त्यामुळे ताज्या टाक्यांच्या किंवा स्टेपलरच्या रेषेभोवती हा पडदा थेट गुंडाळू नये, अशी स्पष्ट मनाई उत्पादनाच्या माहितीपत्रकात आहे. माझ्या थिएटरमध्ये हे वाक्य मी नव्या रहिवासी डॉक्टरांकडून मोठ्याने वाचून घेते, मगच वेष्टन फाडू देते.

याच चाचणीतल्या आतडे कापलेल्या १,७०१ रुग्णांचा पुढचा पाठपुरावा २००६ साली प्रसिद्ध झाला, आणि पडद्याची खरी किंमत ठरवताना मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. आतड्याचा मार्ग अडण्याचे एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, १२ टक्के, निघाले. मात्र बंधांमुळे आतडे अडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पडदा ठेवलेल्यांत १.८ टक्के आणि न ठेवलेल्यांत ३.४ टक्के होते. म्हणजे फरक जवळपास निम्म्याचा आहे, पण वाचलेले रुग्ण शंभरांत दीड-दोन आहेत. विक्री प्रतिनिधी पहिली बाजू सांगतात आणि पडदा न वापरणारे सहकारी दुसरी. रुग्णाला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत, कारण दोन्ही एकाच कागदावर छापलेल्या आहेत.

हाताळणीच्या बाबतीत हा पडदा सोपा नाही. मिठाईवर लावायचा चांदीचा वर्ख ज्यांनी हाताळला आहे त्यांना लगेच कळेल: कोरडा असताना जरा वाकवला तर तडकतो, आणि ओलसर जागेला एकदा टेकला की तिथेच बसतो, उचलून पुन्हा लावता येत नाही. पोट बंद करायच्या वेळी सगळेच ओले असते, हातमोजेही आणि चिमटेही. म्हणून पडदा मागवण्यापूर्वी पोटातले पाणी पूर्ण शोषून घ्यावे, रक्ताचा शेवटचा ठिपकाही थांबवावा आणि सगळ्यांनी कोरडे हातमोजे घालावेत. "सिस्टर, फिल्म आत्ता उघडू नका, आधी मोजे बदलू" हे माझे ठरलेले वाक्य आहे. मोजे बिनपावडरीचेच हवेत, कारण मोज्यांवरची स्टार्चची पावडर स्वतःच बंध तयार करते, आणि अमेरिकेत तर पावडर लावलेल्या मोज्यांवर २०१७ पासून बंदी आहे. मी पडदा आधारकागदासकट दोन-तीन तुकड्यांत कापते, कागदातून एक-दोन सेंटीमीटर कड बाहेर काढते, ती आधी टेकवते आणि मग कागद हलकेच मागे ओढते. आतड्यांवर ओमेंटम पसरून त्यावर, व्रणाच्या दोन्ही कडांच्या पलीकडे जाईल असा पडदा बसला की काम झाले. घाई केली तर महागडा पडदा चुरा होऊन वाया जातो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो लहान छिद्रातून आत नेणे आणखी कठीण असते. काही जण त्याचे तुकडे सलाइनमध्ये विरघळवून सोडतात, पण ही उत्पादकाने सांगितलेली पद्धत नाही आणि मी ती वापरत नाही.

बाकीच्या पर्यायांविषयी थोडक्यात लिहिते. इंटरसीड हे ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचे विणलेले कापड १९८९ पासून स्त्रीरोग शस्त्रक्रियांमध्ये वापरात आहे, पण रक्त लागले की त्याचा उपयोग संपतो. अ‍ॅडेप्ट हे ४ टक्के आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण पोटात सोडायचे असते, आणि त्याला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली ती स्त्रीरोगातल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी. आतडे कापले किंवा शिवले असेल तर तिथल्या माहितीपत्रकानुसार ते वापरायचे नाही. मधुमेही रुग्णांबाबत आणखी एक धोका आहे: आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज तयार होते आणि काही प्रकारच्या ग्लुकोमीटरवर ते साखर म्हणून मोजले जाते. साखर खरोखर कमी असताना यंत्र जास्त दाखवते, आणि त्यावर विसंबून इन्सुलिन दिले गेले तर जिवावर बेतू शकते. तिसरे उदाहरण इंटरजेल या लोहयुक्त हायलुरोनेट जेलचे. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे जेल शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि इतर तक्रारींमुळे २००३ साली उत्पादकाने स्वतःहून मागे घेतले. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत ते वापरून पाहणारा एक अभ्यासही जोड गळण्यासारखे उपद्रव वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता. पडदा एका जागी राहतो, तर जेल आणि द्रावण जोडापर्यंत वाहत जाते. आतड्याच्या सर्जनने हा फरक विसरू नये.

माझ्या भागात आतड्याची तातडीची शस्त्रक्रिया आजही अनेकदा क्षयामुळे किंवा टायफॉइडमुळे आतड्याला भोक पडल्यावर करावी लागते. अशा पोटात पू आणि मळ पसरलेला असतो आणि तिथे मी हा पडदा ठेवत नाही. संसर्गाची जागा बंदिस्त करण्यासाठी शरीराला तेव्हा चिकटण्याचीच गरज असते. माझा वापर मुख्यतः ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांपुरता आहे, आणि त्यातही ज्या रुग्णाचे पोट पुन्हा उघडावे लागणार हे आधीच माहीत आहे त्याच्यासाठी: तात्पुरता स्टोमा ठेवलेला रुग्ण, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकणारा, क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचा तरुण रुग्ण, किंवा आधीच्या बंधांमुळे आतडे अडून आलेला रुग्ण. यांच्या बिलात पडद्याची वाढीव ओळ योग्य आहे, असे माझे मत आहे. सत्तरीतल्या, एकाच शस्त्रक्रियेने बरे होणाऱ्या आणि पै-पै जमवून आलेल्या रुग्णाला मी तो सुचवत नाही. त्याच्यासाठी अस्तर कमीत कमी दुखावणे, आतडी ओल्या मॉपखाली झाकून ठेवणे, रक्तस्राव काटेकोरपणे थांबवणे आणि पेरिटोनियमला आवळून टाके न घालणे, एवढी काळजी बिनपैशांची आहे, आणि पडदा ठेवला तरी ती टाळता येत नाही.

मागच्या वर्षी गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एका शिक्षकांचा स्टोमा मी तीन महिन्यांनी बंद केला. पहिल्या वेळी व्रणाखाली दोन पडदे ठेवले होते आणि ओटीपोटातला जोड पूर्णपणे मोकळा ठेवला होता. दुसऱ्या वेळी स्टोमाच्या बाजूने बोट आत घातले, तेव्हा मधल्या व्रणाच्या खालची बाजू तळहाताएवढी गुळगुळीत लागली. स्टोमाच्या कडेला मात्र, जिथे पडदा नव्हता, दोन वेटोळी घट्ट चिकटलेली होती आणि ती सोडवायला वेळ लागला. घरी जाताना त्यांच्या पत्नींनी विचारले, "डॉक्टर, आता पुन्हा चिकटणार नाही ना?" मी सांगितले की शक्यता कमी केली आहे, ती शून्य करता येत नाही. पोट फुगले, उलट्या झाल्या आणि गॅस थांबला तर घरी वाट न पाहता लगेच या. मग त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर पडदा किती आणि कुठे ठेवला ते लिहिले, वेष्टनावरची चिकटपट्टी त्याखाली लावली आणि जोडावर पडदा ठेवलेला नाही हे लाल शाईने लिहिले, कारण ते पोट पुढे कधी, कुठल्या गावात आणि कोणाच्या हातून उघडले जाईल हे मला सांगता येत नाही.